मामाला जड दात

आमच्या थोरल्याला सहावा महिना सरत आला तेव्हा घरातली एकही वस्तू कोरडी राहिली नव्हती. उशीचा कोपरा, माझ्या पदराचं टोक, ह्यांच्या कोटाचं बटण, देवघरातली घंटा, आत्याबाईंच्या जपमाळेतले मणी, सगळ्याला लाळ. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात, मग ती आत्या असो वा नसो. त्या जप करायला बसल्या की मधेच थांबून मणी पदराला पुसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. पोरामुळे देवाच्या पदरात दुप्पट जप पडला असणार.

ही गोष्ट सोलापूरची, अठ्ठावीस-एकोणतीस सालातली असावी. हे एका कापड गिरणीत कारकून होते. गिरणीच्या भोंग्यावर सगळी पेठ उठायची, डबे भरायची, निजायची. आमचं पोर भोंग्याला जुमानत नसे. त्याच्या हिरड्या शिवशिवत होत्या, आणि ज्याच्या हिरड्या शिवशिवतात त्याचंच राज्य घरात चालतं, हे मला तेव्हा कळलं. मी एकवीस वर्षांची होते, रागीट होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. त्यातलं रागीटपण तेवढं अजून शिल्लक आहे.

दात येणाऱ्या मुलांसाठी दुकानात खास असं काही मिळायचं नाही. जे काय ते घरातून निघायचं. आत्याबाईंनी एक टणक खारीक दोऱ्यानं त्याच्या मनगटाला बांधली, म्हणजे चघळता येईल पण गिळता येणार नाही. मी ज्येष्ठमधाची काडी दिली. ह्यांनी गड्ड्याच्या जत्रेतून लाकडाचा रंगीत खुळखुळा आणला. तो अर्धा तास चोखल्यावर पोराची जीभ, ओठ आणि हनुवटी हिरवीगार झाली. आत्याबाईंना वाटलं विषबाधा झाली. त्यांनी त्याला तूप चाटवलं, मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि ह्यांना असं काही सुनावलं की ते न जेवताच गिरणीत गेले. शेवटी शेजारच्या विणकर बाईनं मागावरची एक कोरी लाकडी कांडी आणून दिली. हिच्यावर सूत गुंडाळतात आणि ती धोट्यात बसवतात. बाई तेलुगू बोलायची, मी मराठी, पण दातांच्या बाबतीत आमचं एकमेकींना सगळं समजायचं.

कांडी जिंकली. तिच्या एका टोकाला बारीक खाचा होत्या. पोर त्या खाचा जिभेनं एकेक करून तपासायचं आणि तसं करताना त्याचा चेहरा दस्तऐवज वाचणाऱ्या वकिलासारखा व्हायचा. बाकीच्या वस्तूंची तोंडं वेगळी होती. चांदीचा वाळा तोंडात गेला की नाक आकसायचं, कारण चांदी गार. ज्येष्ठमधाला डोळे मिटायचे. खारकेवर त्याचा राग होता, पण तो तिला सोडत नसे. एकदा ह्यांच्या जुन्या वहाणेचा अंगठा त्याच्या हाती लागला तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद दिसला तसा मी पुढं त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

मला तोवर वाटत होतं, मूल डोळ्यांनी जग बघतं. आमचं तोंडानं बघायचं. नवी वस्तू आली की आधी तोंडात. मग बाहेर काढून टक लावून बघायचं, आपण जे चाखलं ते हेच का म्हणून. मग पडताळा घ्यायला परत तोंडात. डोळे मिटून घेतले तरी तो कांडी आणि खुळखुळ्याची दांडी अचूक ओळखायचा. मी फडक्याखाली लपवून दोन्ही आळीपाळीनं ओठांना लावून पाहिल्या. कांडीला तोंड उघडायचं, दांडीला मिटायचं. गिरणीत सूत तपासायला याला आजच नेऊन बसवावं, असं हे म्हणाले.

चघळता चघळता ओठ मिटायचे, उघडायचे आणि त्यातून एक दिवस 'मामामामा' असा आवाज निघाला. मी हरखून गेले. शेजारीण पण हसली. आत्याबाई मात्र निवडत असलेलं सूप खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहिल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"हे मामाला हाका मारतंय. मला काय लक्षण बरं दिसत न्हाय."

मग त्यांनी मला ते सांगितलं. मुलाचा खालचा दात आधी यावा. वरचा आधी आला तर ते पोर मामाला जड जातं. असा दात आला तर खालचे येईपर्यंत मामानं पोराचं तोंड बघायचं नसतं. त्यांच्या माहेरी, अक्कलकोटच्या बाजूला, एका मामानं बघितलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते त्या सांगेनात. नुसतं 'जाऊ दे' म्हणाल्या, आणि ते जास्त वाईट.

आता माझा भाऊ म्हणजे माझं सगळं माहेर. मानमोडीच्या तापाच्या साथीत आमचे आईवडील एका आठवड्यात गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तो नऊ. चुलत्यांनी आम्हाला वाढवलं, माझं लग्न लावून दिलं, त्याला मास्तर होईपर्यंत शिकवलं. तो मोहोळला प्राथमिक शाळेत लागला होता आणि तिथं खोली घेऊन एकटाच राहायचा. दर रविवारी पॅसेंजरनं सोलापूरला यायचा. इतर बायकांच्या माहेरी आई असायची, अंगण असायचं, गाईवासरं असायची. माझं माहेर खादीचा सदरा घालून, छत्री घेऊन दर रविवारी स्टेशनवरून चालत यायचं.

मी असल्या समजुतींना हसणारी बाई. पण मामाला जड म्हटल्यावर माझं हसू पळालं. आत्याबाईंचं एकटीचंच डोकं असेल म्हणून मी चौकशी केली. शेजारणीला विचारलं. तिनं ताबडतोब मान हलवली, त्यांच्यातही मामालाच गंडांतर. बांगड्या भरायला येणाऱ्या मुसलमान बाईला विचारलं. तिनं माझा हात हातात घेऊन हळूच सांगितलं, "मामू पे भारी, बेटी." आत्याबाई कानडी मुलखातल्या, त्यांचं तर झालंच होतं. तीन भाषांत विचारलं आणि तिन्ही भाषांत मामाच मरत होता. आत्याला कुठंच काही होत नव्हतं. मला दोन नणंदा होत्या, त्या दोघी ठणठणीत.

यावर काय करायचं तेही आत्याबाईंनीच ठरवलं. त्यांचं म्हणणं, जी हिरडी जास्त चावते तिचा दात आधी फुटतो. तेव्हा खालच्या हिरडीला कामाला लावायचं आणि वरच्या हिरडीला रजा द्यायची. ऐकायला ते इतकं सरळ वाटलं की मला त्यातली अडचण दिसलीच नाही. ती अडचण अशी की चावायला दोन्ही हिरड्या लागतात.

हे संध्याकाळी गिरणीतून आले तेव्हा आम्ही त्यांच्यापुढं प्रश्न मांडला. त्यांना हसू आलं, पण मशीनच्या सहवासात राहिलेला माणूस कुठलाही प्रश्न सोडत नाही. त्यांनी कांडी हातात फिरवली आणि म्हणाले, "वरच्या बाजूला मऊ काहीतरी शिवा. खाली लाकूड, वर गादी. वरच्या हिरडीला कळणारच नाही आपण चावतोय म्हणून."

मी रात्रीचं जेवण आटोपताच शिवायला घेतलं. कांडीच्या एका अंगाला कापूस आणि मलमल, दुसरं अंग उघडं. खारकेला अर्धं टोपडं. वाळ्याला चिंधीची गुंडाळी. खुळखुळा तर रंगामुळे बादच होता, पण त्याच्या दांडीलाही मी अर्धी गादी घातली. इतकं शिवणकाम मी माझ्या बाळंतविड्यातही केलं नव्हतं. सकाळी घरातली सगळी चघळणी अर्धी कपडे घालून तयार बसली होती.

पोराला कांडी दिली. बरोब्बर, लाकूड खाली आणि गादी वर. त्यानं ती तोंडात घातली, दोनदा चावली, बाहेर काढली, तिच्याकडं बघितलं आणि उलटी केली.

आम्ही ती परत सुलटी केली. त्यानं परत उलटी केली. गादी त्याला नको होती असं नाही. ती त्याला खालीच हवी होती. आत्याबाई म्हणाल्या, "मुद्दाम करतंय." सहा महिन्यांच्या मुलावर इतका मोठा आळ मी कधी ऐकला नव्हता.

त्यातून एक मात्र झालं, आणि हे मी पुढं माझ्या सगळ्या मुलांच्या वेळी आणि सुनांनाही सांगितलं. तोवर तो वस्तू नुसती मुठीत धरायचा, काठी धरावी तशी. आता मनगट वळायला लागलं. कांडी एका हातातून दुसऱ्या हातात जायला लागली. मऊ अंग कुठलं आणि कठीण कुठलं हे तो आधी बोटांनी चाचपायचा, मग ओठांनी, आणि मग आम्हाला नको तेच अंग वर करायचा. हिरडी, जीभ, बोटं आणि डोळे यांची एकमेकांशी ओळख आमच्या कारस्थानानं करून दिली. पेठेतली त्याच्या वयाची पोरं अजून मूठ चोखत होती आणि हा कांडी फिरवत होता. चातुर्याचं कौतुक करावं तर भावाच्या जिवावर उठलेलं, आणि रागवावं तर पोटचं पोर.

"मग पोरालाच उलटं धरायचं," हे म्हणाले. "म्हणजे वरची हिरडी खाली येईल."

हा विनोद होता. पण आत्याबाई क्षणभर विचारात पडल्या हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

शेवटी आम्ही पाळ्या लावल्या. त्याच्यासमोर बसायचं, कांडी स्वतः धरायची आणि गादी वर राहील असं बघायचं. सकाळी आत्याबाई, दुपारी मी, संध्याकाळी भोंगा झाला की हे. हे गिरणीतून आल्यावर हातपाय धुऊन सरळ कांडी धरायला बसायचे. चहा नंतर. पोराला वाटलं हा सगळा आपल्यासाठीच चाललेला उत्सव आहे. ते हसायचं, लाळ गाळायचं आणि आमची बोटं चावायचं.

रविवारी मामा आला.

आधी सांगते तो कसा होता. नव्यानं शिकलेली माणसं असतात तसा तो कडक होता. खोकला आला की लिंबू का झोंबतं आणि साबणानं हात का धुवायचे हे तो शाळेत मुलांना शिकवायचा आणि रविवारी येऊन आम्हाला शिकवायचा. आमच्या एका ओळखीच्यांनी मुंबईहून बाळासाठी विलायती रबराची कडी पाठवली होती, चघळायला. ती त्यानं दोन बोटांत धरून उंबऱ्याबाहेर ठेवली. विलायती माल. पोरानंही ती आदल्या दिवशी थुंकून टाकली होती, त्यामुळे भाच्याला स्वदेशीचं बाळकडू मिळालंय असं त्यानं जाहीर केलं.

आत्याबाईंनी त्याला दाताचं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. तो व्याख्यान देऊ लागला. दात म्हणजे हाड, मामा म्हणजे माणूस, आणि हाडाला कुठं माहीत असतं मामा कोण ते. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असंल, मास्तर," त्या म्हणाल्या. "पर दात कुठला येतोय ते कळंस्तवर तोंडात बघायचं न्हाय. एवढं माजं ऐका."

"आणि बोट घातलं तर?"

त्याला विचारायचं कारण होतं. पोराला कांडी आवडायची, वहाण आवडायची, पण सगळ्यांत जास्त मामाचं बोट. तो आला की आधी साबणानं हात खसाखसा धुवायचा आणि मग मधलं बोट वाकवून त्याच्या हिरड्यांवर फिरवायचा. खडू धरून धरून त्याच्या बोटाला एक घट्टा पडला होता. पोराला तो घट्टा हवा असायचा. दुसरं बोट दिलं तर ते ढकलून द्यायचं आणि मधलं शोधून काढायचं.

आत्याबाईंनी बराच विचार केला. "बोटाचं काय म्हनलेलं न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "बघायचं न्हाय येवढंच हाय."

तेव्हापासून दर रविवारी आमच्या सोप्यात तेच दृश्य. मोहोळच्या शाळेचा मास्तर मांडी घालून बसलेला, मान वर करून आढ्याकडं बघतोय आणि भाचा त्याच्या मांडीवर बसून त्याचं बोट कुरतडतोय. आम्ही काही बोललो तर तो आढ्याशीच बोलायचा. एका रविवारी शेजारीण ताक मागायला आली, तिनं दोन वेळा वर बघितलं, तिथं काय आहे म्हणून. अंधश्रद्धेविरुद्धचं व्याख्यानही तो तसंच, मान वर करूनच द्यायचा.

उष्टावणाचा मुहूर्त आम्ही रविवारीच धरला, त्याच्या सोयीनं. पहिली खीर मामानं भरवायची असते. सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या जिभेला लावायची. मी तांदळाची खीर करणार होते आणि जिवात जीव नव्हता, कारण दात काही दिसत नव्हता, ना वर ना खाली. नुसत्या हिरड्या, पांढरट, ताणलेल्या.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी आत्याबाई त्याला चमच्यानं पाणी पाजत होत्या. मी आत भांडी घासत होते. चमचा कशावर तरी आपटल्याचा 'टक्' असा आवाज आला. मग परत 'टक्'. मग आत्याबाई ओरडल्या, आणि घाबरल्या की त्या कानडीत शिरायच्या. "म्यालिन हल्लु बंतु! म्यालिन हल्लु!"

मला कानडी येत नाही, पण मी उठून धावले तेव्हा त्यांचा हात वर गेलेला होता. वर. मी पोराच्या तोंडात बोट घातलं. वरच्या हिरडीवर तांदळाच्या कणीसारखं काहीतरी बोटाला खर्रकन लागलं. खाली काही नाही.

सगळ्या आयुष्यात मी मुलाचा पहिला दात असा कधी पाहिला नाही. इतर बायका साखर वाटतात. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. पोर माझ्याकडं बघून हसत होतं आणि त्या हसण्यात तो दात दिसत होता.

संध्याकाळी हे आले. आत्याबाईंचं म्हणणं, मामाला येऊ नको म्हणून निरोप धाडा. ह्यांचं म्हणणं, काय निरोप धाडायचा, तुझा भाचा एका दातानं तुझा खून करणार आहे म्हणून? मी आधी आत्याबाईंवर चिडले, मग ह्यांच्यावर, मग ज्यानं दात वर पाठवला त्या देवावर. माझ्या पोराचं उष्टावण माझ्या भावाशिवाय? मग ते दुसऱ्या कुणाच्या हातून, ह्यांच्या गिरणीतल्या कुणा साहेबाच्या? आणि भाऊ आला, त्यानं तोंड बघितलं, आणि पुढं काही झालं तर? मी दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलत होते आणि दोन्हींचा मला राग येत होता. मला काहीच पटत नव्हतं आणि सगळंच खरं वाटत होतं.

तोडगा आत्याबाईंनी काढला. लाळेरं उलटं बांधायचं. गळ्याखाली न बांधता वरच्या ओठावरून आडवं घ्यायचं आणि कानांमागं गाठ मारायची. वरची हिरडी झाकलेली, खालची मोकळी. मामानं आढ्याकडं बघून खालनं खीर भरवायची. म्हणजे उष्टावण होईल आणि बघणं होणार नाही.

रविवारी पोराला न्हाऊ घातलं, कुंची घातली, तीट लावली आणि तोंडावर ते फडकं बांधलं. अंगावर मंगल कपडे आणि तोंडावरनं तो दरोडा घालायला निघालेला. त्याला फडकं आवडलं, कारण ते चोखता येत होतं.

मामा आला. हात धुतले. पाटावर बसला. आणि आम्ही कोणी काही सांगायच्या आत त्यानं मान वर करून आढ्याकडं नजर लावली. एरवी पोर मांडीवर आल्यावरच तो वर बघायचा; मला ते तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं, पण मी माझ्याच गडबडीत होते.

पोराला त्याच्या मांडीवर ठेवलं. अंगठी खिरीत बुडवून त्याच्या हातात दिली. आढ्याकडं बघत त्यानं पहिली खीर हनुवटीला लावली. दुसरी कानाला. "खाली," आत्याबाई म्हणत होत्या, "अवं मास्तर, खाली. आता वर. न्हाय न्हाय, वर न्हाय." तिसऱ्या खेपेला खीर नाकात गेली. पोराला खिरीचा वास कळला होता आणि ती सगळीकडं येत होती, तोंडात सोडून. ते संतापलं. त्यानं आजवर चार वस्तूंवर शिकलेली सगळी मनगटाची कला वापरली, फडक्याला धरलं, वळवलं आणि ओढून काढलं. आणि मामाकडं बघून तोंड भरून हसलं.

मी झडप घालून त्याला उचललं आणि भावाकडं पाठ केली. "तू जा आज," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "खीर घेऊन जा डब्यात, पर जा."

"अक्का."

"जा म्हनलं ना."

"अक्का, मला ठाऊक हाय."

तो अजून आढ्याकडंच बघत होता. "काय ठाऊक हाय?" मी विचारलं.

"वरचा हाय ते. गेल्या खेपेला बोटाला लागला. त्याच्या आधीच्या खेपेला पन हिरडी टोचत व्हती."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मला इतका राग आला की मी पोराला आत्याबाईंच्या हातात दिलं आणि भावासमोर जाऊन उभी राहिले.

"आनि सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर घरात घेतलं असतंस?"

"न्हाय."

"मग."

"आनि तुला भ्या न्हाय वाटलं? येवढं व्याख्यान देतोस ते खरं म्हनायचं?"

तेव्हा कुठं त्यानं मान खाली केली. एकोणीस वर्षांचा मुलगा तो, मिशी नीट फुटली नव्हती. "वाटलं की," तो म्हणाला. "लई वाटलं."

मग सगळं बाहेर पडलं. त्यानं मोहोळला विहिरीत पोहणं सोडलं होतं. छकड्यात बसणं सोडलं होतं. शाळेची एक भिंत कललेली होती, तिच्या बाजूचा वर्ग त्यानं शास्त्रीय कारण सांगून दुसऱ्या मास्तरांना दिला होता. पावसाळी हवा नसताना छत्री घेऊन फिरत होता, वरून काही पडलं तर म्हणून. आणि रविवार आला की हात साबणानं धुऊन, ज्या तोंडातून त्याचं वाटोळं होणार त्याच तोंडात बोट घालून बसत होता.

"मग यायचंच कशाला?" मी ओरडले. "राहायचं मोहोळला. दात आले की यायचं."

"तितं मला हाक कोन मारतंय, अक्का? पोरं मास्तर म्हनत्यात, घरमालक मास्तर म्हनतोय, खानावळवाली मास्तर म्हनतीया. हे येवढं एकच मामा-मामा करतंय. त्याला कळत न्हाय ते मला बी ठाऊक हाय. पर एक दात वर आला म्हनून ते सोडून बसू व्हय?"

पोर अंगठीसाठी हात पुढं करत होतं. मी त्याला आत्याबाईंच्या हातून घेतलं आणि भावाच्या मांडीवर नीट बसवलं.

"दाव बघू," भाऊ म्हणाला, आणि पोराच्या तोंडात बघितलं. चांगलं टक लावून बघितलं. "चांगला हाय की," तो म्हणाला. मग अंगठी बाजूला ठेवून त्यानं मधलं बोट खिरीत बुडवलं आणि त्याच्या तोंडात घातलं. पोरानं इतका वेळ उपाशी ठेवल्याचं सगळं उट्टं काढलं. कचकन चावलं. मामानं हात ओढला आणि बोट झटकलं.

आत्याबाई एकदम पुढं आल्या. त्यांनी त्याचं बोट धरून दाराच्या उजेडाला नेलं. "रगत आलंय का? नीट बघा. रगत आलं असंल तर फिटलं. मामाला जड व्हतं ते हितल्या हितं गेलं."

ह्यांनी चष्मा आणला. तिघं त्या बोटावर वाकलो. ओरखडा होता, लालसर होता, पण त्याला रक्त म्हणावं असं काही नव्हतं. हे म्हणाले, रक्तच आहे. आत्याबाई म्हणाल्या, खीर हाय. त्यांची खोटं चालवून घ्यायची तयारी नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. भाऊही माझ्याकडं बघत होता. माझा चेहरा तेव्हा कसा झाला होता मला माहीत नाही.

"बोट चिकट झालंय, धुऊन येतो," म्हणून तो न्हाणीकडं गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले. तो माझ्याकडं पाठ करून उभा होता आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत ते बोट धरून, दात-ओठ खाऊन, पिळत होता. दातावर व्याख्यान देणारा मास्तर. मग वळला, मी तिथं आहे हे त्यानं बघितलं, आणि बोट माझ्यापुढं धरलं. मोहरीएवढा लाल ठिपका होता.

"आलं बघ, अक्का," तो म्हणाला. "आत्याबाईंना सांग."

मी तांब्या खाली ठेवला आणि ओरडून सांगितलं, रक्त आलंय म्हणून. आतून आत्याबाईंचा आनंदाचा आवाज आला, कानडीत. मी तिथंच न्हाणीच्या भिंतीला टेकून रडले, आणि रडताना मला कळलं की मी इतके दिवस किती घाबरले होते. त्यानं ते रक्त माझ्यासाठी काढलं की स्वतःसाठी, हे मी त्याला विचारलं नाही. आता आम्ही दोघं म्हातारे झालो, दर भाऊबीजेला तो माझ्याकडं येऊन पाटावर बसतो, तरी विचारणार नाही.